दोनशे डोळे, शंभर माणसं: बाहुली-बुबुळाच्या मोजमापांत 'एन' नेमका कशाचा?

चांदणवेल | सोमवार, २१:४०

नेत्रविभागातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध संख्याशास्त्राच्या बाजूने तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यात एक वाक्य इतक्यांदा समोर येतं की त्यावर स्वतंत्र धागा काढावा असं बरेच दिवस मनात होतं. वाक्य असं: "एकूण १०० रुग्णांच्या २०० डोळ्यांचा अभ्यास केला." पुढे तक्ता, तक्त्याखाली टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी कसोटी), आणि टी-टेस्टमध्ये एन, म्हणजे निरीक्षणांची संख्या, बरोबर २००.

बाहुलीचं उदाहरण घेऊ. बाहुली म्हणजे डोळ्याच्या मधलं काळं भोक, बुबुळ म्हणजे तिच्याभोवतीचं रंगीत कडं. बुबुळात दोन स्नायू असतात. एक बाहुलीभोवती गोल फिरलेला, तो तिला आवळतो. दुसरा सायकलच्या आऱ्यांसारखा पसरलेला, तो तिला उघडतो. प्रखर उजेडात बाहुलीचा व्यास साधारण २ मिमीपर्यंत उतरतो, अंधारात तरुण माणसात ८ मिमीपर्यंत चढतो. आणि हे दोन्ही डोळ्यांत जोडीनं होतं. उजेड एकाच डोळ्यावर टाकला तरी मेंदूतून हुकूम दोन्हीकडे जातो आणि दोन्ही बाहुल्या आवळतात. उजवी ४.६ मिमी आली की डावी तिच्या आसपासच असणार, हे बहुतेक वेळा न मोजताही सांगता येतं. मग डावा डोळा मोजून नवीन माहिती किती मिळाली? थोडीशीच.

या 'थोडीशी'चा हिशोब अवघड नाही. डोळ्यांची एकूण संख्या घ्या, तिला (१ + दोन डोळ्यांमधला सहसंबंध) याने भागा. सहसंबंध ० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं. सहसंबंध ०.८ असेल तर २०० भागिले १.८, म्हणजे १११. गटाची सरासरी काढताना तुमचे २०० डोळे १११ स्वतंत्र निरीक्षणांइतकंच वजन धरतात. सहसंबंध ०.९ असेल तर १०५. पूर्ण १ असेल तर १००, म्हणजे दुसरा डोळा मोजला काय, न मोजला काय, सारखंच.

आता २०० धरून टी-टेस्ट लावली की स्टँडर्ड एरर (सरासरीतली संभाव्य चूक) खोटी लहान येते. १.८ चं वर्गमूळ १.३४, म्हणून टी ची किंमत तेवढ्या पटीने फुगते. टी २.२ दिसतो, पी (मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३ च्या जवळ येतो, 'लक्षणीय फरक' म्हणून निष्कर्षात जातो. खरा टी असतो १.६४ आणि पी ०.१०. दुसऱ्या शब्दांत, दोन गटांत मुळात काहीच फरक नसताना शंभरातल्या पाच वेळा चकायला हवं, तिथे चौदा वेळा चकतो. हा फरक औषध चालतं की नाही हे ठरवणाऱ्या तक्त्यांत बसलेला असतो, म्हणून मला तो किरकोळ वाटत नाही.

हे नवीन नाही. बर्नार्ड रोझनर यांनी १९८२ मध्ये 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात नेत्रविज्ञानातल्या याच प्रश्नावर लिहिलं. १९८६ मध्ये लियांग आणि झेगर यांची 'जीईई' पद्धत आली, जी एकाच माणसाची निरीक्षणं एकमेकांशी बांधलेली आहेत हे धरूनच गणित करते. हेच काम करणारी दुसरी पद्धत, मिक्स्ड मॉडेल, तर आज 'आर' या फुकटच्या संगणक-प्रणालीत दोन ओळींत चालतं. साधने हाताशी आहेत. तक्त्यात 'रुग्ण क्रमांक' असा एक रकाना ठेवला की पुढचं सगळं जमतं. पण विद्यार्थी पुष्कळदा फक्त 'डोळा क्रमांक १ ते २००' असा तक्ता घेऊन येतात, आणि कोणता डोळा कुणाचा हे केसपेपर उपसून शोधावं लागतं.

या नात्याची दुसरी बाजूही सांगते. एका डोळ्यात औषध आणि दुसऱ्यात नाही, अशी रचना असेल तर हाच सहसंबंध तुमच्या बाजूने उभा राहतो. त्याच माणसाचा दुसरा डोळा म्हणजे वय, उजेड, झोप, चहा, घाबरणं सगळं सारखं असलेला तुलनेचा साथीदार. सहसंबंध ०.८ असताना फरकाचं प्रसरण (व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा) वेगवेगळ्या माणसांच्या तुलनेत एक पंचमांश उरतं. सिंगापूरच्या अ‍ॅट्रोपिन चाचणीत (मुलांचा चष्म्याचा नंबर वाढणं रोखायचे थेंब; २००६ मध्ये निकाल आले, ४०० मुलं) प्रत्येक मुलाच्या एकाच डोळ्यात थेंब घालत होते, ते याच विचाराने.

तुम्ही जे प्रत्यक्ष मोजता, दवाखान्यात, प्रयोगशाळेत किंवा कॅमेऱ्यावर, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. मोजण्याच्या बाजूच्या अडचणी मला तक्त्यातून फक्त अर्ध्या दिसतात.

गणेशवेल | सोमवार, २२:०५

वाचनखूण साठवली. १११ चा हिशोब पहिल्यांदाच कळला. कृपया सवडीने अजून लिहा.

दृष्टीभेट | सोमवार, २३:१८

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मिरजेकडे. मोजण्याच्या बाजूचं सांगतो.

आपल्याकडे बुबुळ गडद तपकिरी. साध्या उजेडात, साध्या मोबाइलने फोटो काढला तर बाहुली कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होतं हे दिसतच नाही, काळ्यावर काळं. बॅटरी मारावी तर बाहुली आवळते, म्हणजे जे मोजायचं तेच बदलतं. म्हणून इन्फ्रारेड लागतं. त्या प्रकाशात मेलॅनिन, म्हणजे बुबुळाचं रंगद्रव्य, जवळपास पारदर्शक होतं, बुबुळ करडं दिसतं, बाहुली काळी कुळकुळीत, आणि डोळ्याला तो उजेड जाणवतही नाही. निळ्या डोळ्यांवर बेतलेलं व्हिडिओ सॉफ्टवेअर आपल्या पेशंटवर चालवलं की कड चुकीच्या जागी पकडतं. मग 'बाहुली ७.९ मिमी' असे आकडे येतात. ते नजरेनं तपासल्याशिवाय तक्त्यात घालूच नयेत.

डायलेट करायचे, म्हणजे बाहुली मोठी करायचे थेंबही गडद बुबुळात सावकाश चढतात. औषध रंगद्रव्यात अडकून राहतं. वीस मिनिटांनी मोजायचं हा परदेशी पेपरमधला आकडा इकडे जसाच्या तसा उचलला तर अर्धवट उघडलेल्या बाहुल्या मोजल्या जातात.

आणि पट्टी. कार्डावर छापलेले काळे गोल डोळ्याशेजारी धरून आम्ही बाहुली मापतो. गोल अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढतात. त्यामुळे सगळे आकडे ३, ३.५, ४ असेच. अशा तक्त्यात ०.२ मिमीचा फरक 'लक्षणीय' आला असं कुणी म्हटलं की मला शंका येते.

माझा प्रश्न: आम्ही जुनी पट्टी आणि नवं मशीन एकाच पेशंटवर लावून पाहिलं. सहसंबंध ०.९३ आला. विक्रेता म्हणाला, झालं, दोन्ही सारखीच आहेत. हे बरोबर आहे का?

चांदणवेल | मंगळवार, ०७:५२

दृष्टीभेट, तुमचा प्रतिसाद मी विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे.

नाही, बरोबर नाही. समजा मशीन प्रत्येक वेळी पट्टीपेक्षा नेमकं अर्धा मिमी जास्त दाखवतंय. सहसंबंध येईल १, अगदी पूर्ण. पण दोन्ही मापं कधीच जुळणार नाहीत. सहसंबंध एवढंच सांगतो की एक वाढलं की दुसरं वाढतं. शिवाय तुम्ही २ मिमीपासून ७ मिमीपर्यंतचे सगळे पेशंट घेतले तर तो आपोआप वर चढतो, फक्त ३ ते ४ मिमीचे घेतले तर तीच दोन साधनं असूनही खाली येतो.

ब्लँड आणि ऑल्टमन यांचा १९८६ चा 'लॅन्सेट'मधला लेख याच मुद्द्यावर आहे. प्रत्येक पेशंटसाठी दोन मापांतला फरक काढा. फरकांची सरासरी म्हणजे कायमचा कल, आणि सरासरी अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) म्हणजे त्या फरकांची हद्द. उदाहरणादाखल, सरासरी फरक ०.३ मिमी आणि प्रमाण विचलन ०.२५ मिमी असेल तर हद्द −०.१९ ते ०.७९ मिमी. आता प्रश्न डॉक्टरला विचारायचा: मशीन पट्टीपेक्षा पाऊण मिमी जास्त दाखवू शकतं हे तुमच्या कामात चालेल का? चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरच्या आधी अंधारातली बाहुली मोजताना कदाचित नाही चालणार. नुसती आवळते की नाही एवढंच पाहायचं असेल तर चालेल. हे पी-व्हॅल्यू ठरवू शकत नाही.

त्याआधी अजून एक काम. त्याच मशीनने, त्याच माणसाची, त्याच उजेडात, दोनदा मोजा. बाहुली कधीच स्थिर बसत नाही, ती सतत बारीक थरथरत असते. एकाच माणसाच्या मापांतलं प्रमाण विचलन ०.१५ मिमी आलं तर त्याला २.७७ ने गुणा, ०.४२ मिमी. दोन मापांत एवढा फरक मशीनच्या आणि बाहुलीच्या स्वभावातूनच येऊ शकतो. याहून लहान बदलाला 'सुधारणा' म्हणता येणार नाही.

डॉ_सह्यकडा | मंगळवार, १४:३०

नेत्रशल्यचिकित्सक. धागा चांगला आहे, पण एका बाबतीत असहमत.

रुग्ण आणणं, संमती घेणं, तीन महिन्यांनी परत बोलावणं, यात काय कष्ट असतात ते आम्हाला माहीत. सगळं झाल्यावर संख्याशास्त्रज्ञ सांगतात, एक डोळा काढून टाका. मिळालेली माहिती फेकून देणं मला रुग्णाच्या दृष्टीनेही योग्य वाटत नाही. आणि सगळे आजार बाहुलीसारखे जोडीने चालत नाहीत. एका डोळ्याला मार लागलेला, दुसरा ठणठणीत. एकात काचबिंदू पुढे गेलेला, दुसऱ्यात नुकता सुरू. तिथे दुसऱ्या डोळ्याला स्वतःची गोष्ट असते.

चांदणवेल | मंगळवार, २१:१०

डॉक्टर, फेकून द्या असं मी म्हणत नाही. उलट दोन्ही डोळे ठेवा आणि मॉडेलला सांगा की हे दोघे एका घरचे. तुमचं म्हणणं त्या मॉडेलमध्ये आपोआप बसतं: आजार दोन्हीकडे वेगवेगळा चालत असेल तर सहसंबंध कमी येतो आणि दुसऱ्या डोळ्याचं वजन वाढतं. सहसंबंध ०.३ असेल तर २०० डोळे १५४ ची किंमत देतात. किती नातं आहे ते तुमचाच डेटा सांगतो, आधी गृहीत धरायचं काहीच नाही.

एकच डोळा घ्यायचा झाला तर तो आधी ठरवा. 'उजवा' म्हणा किंवा चिठ्ठी काढा आणि प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आधी केलेल्या आराखड्यात, लिहा. 'जास्त खराब डोळा घेतला' हे बऱ्याच प्रबंधांत दिसतं, पण मग निरोगी गटातून कोणता घ्यायचा? तिथे खराब डोळाच नसतो. तुलना पहिल्याच पायरीवर वाकडी होते.

डॉ_सह्यकडा | मंगळवार, २२:४५

हे पटलं. तरी सांगतो, प्रत्येक विभागात तुमच्यासारखं कुणी बसलेलं नसतं. प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात जीईई कोण शिकवणार? त्यातल्या त्यात सोपं म्हणजे दोन्ही डोळ्यांची सरासरी घेऊन माणसामागे एक आकडा करणं. बाहुलीसाठी ते चालावं. उपचार डोळागणिक वेगळे असतील तर अर्थातच नाही.

बुबुळाबद्दल एक भर घालतो. बुबुळ आणि कॉर्निया (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) यांमधला, पाणी निचरणारा कोन बंद होण्याच्या काचबिंदूत आम्ही ओसीटी या प्रकाशाने छेद दाखवणाऱ्या यंत्रावर बुबुळाचा उभा छेद पाहतो, त्याची जाडी आणि क्षेत्रफळ मोजतो. बुबुळ हे द्रव शोषणारं, सोडणारं ऊतक आहे. बाहुली उघडते तेव्हा त्यातलं पाणी बाहेर जातं आणि छेदाचं क्षेत्रफळ घटतं. क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की कोन बंद होण्याचा आजार असलेल्यांत ही घट कमी असते. बुबुळ आकसत नाही, गोळा होऊन कोनात बसतं. म्हणजे बुबुळाचं क्षेत्रफळ लिहिताना त्या क्षणी बाहुली किती होती हे शेजारी लिहिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. एका केंद्रावर खोलीत दिवे चालू, दुसरीकडे बंद, आणि दोन्हीकडचं क्षेत्रफळ एका तक्त्यात, असे पेपर मी समीक्षेसाठी आलेले पाहिले आहेत.

चांदणवेल | मंगळवार, २३:०२

अगदी बरोबर. रिग्रेशनमध्ये (एका आकड्यावरचा वेगवेगळ्या गोष्टींचा परिणाम वेगळा काढणाऱ्या गणितात) बाहुलीचा व्यास सोबत घ्यायलाच हवा. त्याहून चांगलं म्हणजे त्याच डोळ्याचं उजेडात आणि अंधारात दोनदा चित्र घ्यायचं आणि 'बाहुली १ मिमी वाढली की क्षेत्रफळ किती घटलं' हा उतारच प्रत्येक माणसासाठी काढायचा. आजाराची खूण त्या उतारात आहे.

वाऱ्याची_वही | बुधवार, ०२:१५

मी नेदरलँड्समध्ये आहे, युट्रेख्त. मानसशास्त्रात पीएचडी करतेय, विषय लक्ष आणि स्मृती. बाहुली हे आमचं रोजचं यंत्र. तुमच्याकडे प्रश्न दोन डोळ्यांचा आहे, आमच्याकडे लाखो फ्रेम्सचा.

आय-ट्रॅकर, म्हणजे डोळे टिपणारा कॅमेरा, सेकंदाला १००० वेळा बाहुली मोजतो. एक फेरी ३ सेकंदांची, अशा ४० फेऱ्या, ३० माणसं: ३६ लाख आकडे. नवीन विद्यार्थी कधीकधी खरंच ३६ लाखांवर टेस्ट लावतात आणि सगळंच 'अतिलक्षणीय' येतं. पण बाहुलीला वळायलाच वेळ लागतो. उजेड पडल्यावर ती आवळायला सुरुवात करते तेव्हा सेकंदाचा पाचवा हिस्सा उलटून गेलेला असतो. एक मिलिसेकंद आधीची बाहुली आणि आत्ताची बाहुली यांत नवीन काहीच नसतं. आमचा खरा एन ३० आहे.

या क्षेत्राची सुरुवातच लहान एनवर झाली. हेस आणि पोल्ट यांचा १९६० चा 'सायन्स'मधला गाजलेला लेख, आवडीचं चित्र पाहिलं की बाहुली मोठी होते म्हणणारा, सहा माणसांवर होता. चार पुरुष, दोन स्त्रिया. त्यावरून स्त्री-पुरुषांच्या आवडींबद्दल पुढे किती लिहिलं गेलं! नंतरच्या लोकांनी नीट विचारलं की चित्रांची उजळता सारखी ठेवली होती का, कारण उजेडाने बाहुली कित्येक मिलिमीटर हलते आणि आवडीने मिलिमीटरचा अंश. उलट कानमन आणि बीटी यांचा १९६६ चा प्रयोग बघा. माणसं तिथेही थोडीच. पण आकडे ऐकवून लक्षात ठेवायला लावायचे, म्हणजे चित्राचा प्रश्नच नाही. प्रत्येक आकड्यागणिक बाहुली वाढत जाते आणि परत म्हणून दाखवताना उतरत जाते. तो परिणाम आजही प्रात्यक्षिकात हमखास दिसतो. माणसं कमी असली तरी प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती, आणि उजेड बदलत नव्हता.

दोन गोष्टी अजून, ज्यांनी आमचे आकडे बिघडतात. पापणी मिटताना बाहुली वरून झाकली जाते आणि यंत्राला ती लहान झाल्यासारखी दिसते. म्हणून मिटण्याच्या आधीचा आणि नंतरचाही थोडा भाग काढावा लागतो. आणि नजर. माणसाने कॅमेऱ्यापासून ३० अंश बाजूला पाहिलं की गोल बाहुली लंबगोल दिसते, ५ मिमीची रुंदी साधारण ४.३ मिमी भरते. वाचनाच्या प्रयोगात ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी बाहुली 'बदलते', ती अशी.

पिंपळपारावर | बुधवार, १०:२०

चांदणवेल मॅडम, माझा प्रबंध नेमका यावरच आहे. मधुमेहींची बाहुली लहान असते का. मधुमेही ५०, निरोगी ५०. निरोगी गटात बहुतेक नर्सिंगचे विद्यार्थी घेतलेत, कारण ते लगेच तयार होतात. फोटो इन्फ्रारेडने घेतोय, उजेड मोजून ठेवलाय. अजून काय सांभाळू?

चांदणवेल | बुधवार, १३:०५

थांबा, आधी वय बघा. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते, निरोगी माणसातही. विन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ९१ जणांवर, वय १७ ते ८३, वेगवेगळ्या उजेडात हे मोजलं. वयाचा परिणाम प्रत्येक उजेडात सरळ रेषेत दिसला. स्त्री-पुरुष, चष्म्याचा नंबर, बुबुळाचा रंग यांचा दिसला नाही. तुमचे मधुमेही पन्नाशी-साठीचे असतील आणि नर्सिंगचे विद्यार्थी विशीतले, तर दोन गटांत फरक येणारच. तो साखरेचा की वयाचा, हे कुठलीही टेस्ट वेगळं करून देऊ शकणार नाही. दोन्ही गटांच्या वयांत सामाईक भागच नसेल तर 'वयासाठी रिग्रेशनने दुरुस्ती केली' हेही कागदावरच राहतं, कारण विशीतला मधुमेही तुमच्याकडे नाही आणि साठीतला निरोगीही नाही.

अजून वेळ असेल तर निरोगी गट बदला. रुग्णांसोबत आलेले पती किंवा पत्नी विचारा. वय साधारण जुळतं, आणि ते तिथेच बसलेले असतात. मधुमेहात स्वायत्त मज्जातंतू बिघडून बाहुली लहान राहते आणि अंधारात नीट उघडत नाही, हे ज्ञात आहे. त्यामुळे उजेडातलं एकच माप घेऊ नका, अंधारातलंही घ्या. फरक असेल तर तिथे ठळक दिसेल.

माईणमुळा | बुधवार, १५:४८

मी संशोधनातली नाही, चुकीच्या धाग्यावर विचारत असेन तर सांगा. माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या फोटोत डावी बाहुली उजवीपेक्षा थोडी मोठी दिसतेय. एका नातेवाइकांनी इंटरनेटवर वाचून मेंदूपर्यंत काय काय सांगितलं. दोन रात्री झोप नाही.

डॉ_सह्यकडा | बुधवार, १६:१०

ताई, योग्य ठिकाणी विचारलंत. निरोगी माणसांत साधारण पाचातल्या एकाच्या दोन बाहुल्यांत, अंधुक उजेडात, ०.४ मिमी किंवा त्याहून जास्त फरक सापडतो. आज असतो, उद्या नसतो, कधी बाजूही बदलते. घरी एवढं करा: त्याचे लहानपणापासूनचे फोटो मोठे करून बघा. जुना फरक असेल तर चिंता बरीच कमी. मग एकदा उजेडात आणि एकदा मंद दिव्यात बघा. फरक दोन्हीकडे सारखाच राहिला तर तो बहुधा निरुपद्रवी.

फरक नवीन असेल आणि सोबत पापणी खाली आली असेल, दोन-दोन दिसत असेल, जोराची डोकेदुखी किंवा उलटी असेल, डोक्याला मार लागला असेल, तर वाट न बघता लगेच रुग्णालय. हे काही नसेल तरी एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा, फोटोवरून निदान मी करणार नाही.

माईणमुळा | बुधवार, १९:३०

बारशाच्या फोटोतही डावीच मोठी आहे! बाकी काहीच त्रास नाही. शुक्रवारी दाखवायला नेतेय. खूप खूप आभार डॉक्टर.

चांदणवेल | बुधवार, २०:१५

हे वाचून फार बरं वाटलं. एवढंच जोडते: ०.४ मिमी ही रेघ मोजण्याच्या सोयीसाठी ओढलेली आहे. तिच्या अलीकडचे निरोगी आणि पलीकडचे आजारी, असा तिचा अर्थ नाही. ती ओलांडणारे पाचात एक असतील तर नुसत्या तेवढ्यावर कुणाला रुग्ण ठरवता येत नाही.

खानदेशी_माणूस | गुरुवार, ०८:४०

राम राम मंडळी. माझं गाव नंदुरबार जिल्ह्यात. देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला. तेव्हापासून सगळ्यांच्या दोन्ही बुबुळांचे फोटो घेतात. आता माझा प्रश्न. मॅडम म्हणतात एका माणसाचे दोन डोळे जवळपास एकच माहिती देतात. मग आधारवाले दोन्ही कशाला घेतात? एकात भागायला हवं.

चांदणवेल | गुरुवार, १३:२०

खानदेशी दादा, या धाग्यावरचा सगळ्यात सुंदर प्रश्न तुमचा आहे.

बाहुलीचा व्यास, बुबुळाचा व्यास, रंग हे दोन्ही डोळ्यांत सारखं असतं. पण बुबुळावरची बारीक नक्षी, ते धागे, खळगे, वळ्या, ती गर्भात असताना घडते आणि तिच्या तपशिलात आनुवंशिकतेचा हात फारसा नसतो. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी ही नक्षी २०४८ बिट्सच्या (प्रत्येक बिट ० किंवा १) संकेतात उतरवण्याची पद्धत १९९३ मध्ये मांडली. दोन बुबुळं ताडून बघायची म्हणजे किती टक्के बिट्स वेगळे आहेत ते मोजायचं. अनोळखी दोन माणसांत साधारण निम्मे वेगळे येतात, नाणेफेकीसारखे. आणि एकाच माणसाचा उजवा आणि डावा डोळा ताडला तरी निम्मेच वेगळे! एकसारख्या जुळ्यांतही तसंच. नक्षीपुरते तुमचे दोन डोळे दोन परक्या माणसांचे आहेत. म्हणून दोन्ही घेतले की ओळख खरोखरच दुप्पट पक्की होते. तोच डोळा, तीच माणसं. काय मोजता त्यावर दुसरा डोळा पुनरुक्ती आहे की नवी साक्ष, हे ठरतं.

आता त्यातला एक बारकावा, जो मला वर्षानुवर्षं आवडत आलाय. बिट्स २०४८, पण ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. बुबुळातला एक धागा आतून बाहेर जातो, त्यामुळे शेजारशेजारचे बिट्स सारखे येतात. मग खरे स्वतंत्र किती? डॉगमन यांनी ९१ लाख तुलना करून वेगळ्या बिट्सच्या प्रमाणाचं वितरण काढलं. सरासरी ०.४९९, प्रमाण विचलन ०.०३१७. एवढं विचलन देणारी नाणेफेक किती नाण्यांची? ०.२५ भागिले ०.०३१७ चा वर्ग. उत्तर २४९. म्हणजे २०४८ बिट्स २४९ नाण्यांइतके वागतात. वर २०० डोळ्यांचे १११ झाले, वाऱ्याची_वही यांच्या ३६ लाखांचे ३० झाले, इथे २०४८ चे २४९. फरक इतकाच की इथे २४९ सुद्धा भरपूर पुरतात. अनोळखी दोन बुबुळांत ३२ टक्क्यांहून कमी बिट्स वेगळे येण्याची शक्यता डॉगमन यांच्या तक्त्यात २.६ कोटींत एक आहे.

खानदेशी_माणूस | गुरुवार, १९:०५

वा! हे शाळेतल्या मुलांना सांगतो. पण बाहुली उजेडात लहान-मोठी होते, तेव्हा नक्षीही ताणली जात असेल ना? मग मशीन ओळखतं कसं?

वाऱ्याची_वही | शुक्रवार, ०१:३०

ताणली जाते. डॉगमन यांच्या पद्धतीत बाहुलीच्या कडेला ० आणि बुबुळाच्या बाहेरच्या कडेला १ धरून मधला सगळा भाग रबरी चादरीसारखा ताणून एकाच मापाच्या आयतात बसवतात. पण खरं बुबुळ रबरासारखं एकसारखं ताणलं जात नाही. नोटर डेम विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की नोंदणीच्या वेळची आणि तपासणीच्या वेळची बाहुली फार वेगळी असेल तर एकाच डोळ्याचे दोन संकेतही एकमेकांपासून लांब जातात. तिथेही डॉक्टर म्हणाले तेच: बुबुळाचं काहीही नोंदवा, शेजारी बाहुली किती होती ते लिहा.

दृष्टीभेट | शुक्रवार, ०९:१२

एक शंका. मोबाइलच्या फोटोत मिमीची पट्टी नसते. तर बुबुळाची रुंदी ११.७ मिमी धरून बाहुली काढायची, असं करणारी अ‍ॅप्स आलीत. विश्वास ठेवावा का?

चांदणवेल | शुक्रवार, १३:४५

माणसामाणसांत बुबुळाच्या रुंदीचं विचलन सुमारे ०.५ मिमी आहे, म्हणजे ४ टक्क्यांच्या थोडं वर. ५ मिमीच्या बाहुलीत त्याने ०.२ मिमीची चूक शिरते, आणि ती त्या माणसाच्या प्रत्येक फोटोत त्याच दिशेने शिरते. पन्नास फोटो काढून सरासरी घेतली तरी जात नाही. म्हणून दोन माणसांची तुलना करायला हे माप कच्चं आहे. त्याच माणसाची आज आणि उद्या तुलना करायची असेल, किंवा बाहुली किती टक्के आवळली एवढंच हवं असेल, तर चूक दोन्हीकडे सारखी असल्याने कटते. तिथे खुशाल वापरा.

शिवाय कॉर्निया भिंगासारखा असल्यामुळे बाहेरून दिसणारी बाहुली खऱ्या भोकापेक्षा सुमारे १३ टक्के मोठी दिसते. सगळेच दिसणारी बाहुली मोजतात, म्हणून आपसांत अडत नाही. शवविच्छेदनातल्या किंवा मॉडेल डोळ्यातल्या आकड्यांशी ताडताना मात्र लक्षात ठेवा.

पिंपळपारावर | शुक्रवार, २२:२०

मॅडम, गाइडशी बोललो. निरोगी गट बदलतोय, सोबत आलेले नातेवाईक घेणार. तक्ता नव्याने मांडला: रुग्ण क्रमांक, डोळा, उजेड, वय, बाहुली, आणि दोनदा मोजलं तर दोन ओळी. एकच अडलंय. काही मधुमेहींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांचं काय करू?

चांदणवेल | शनिवार, ०७:३०

तक्ता उत्तम झालाय. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली वेगळी वागू शकते, शस्त्रक्रियेत बुबुळाला हाताळलेलं असतं. तो डोळा मुख्य विश्लेषणातून वगळा, पण ओळ पुसू नका. 'ऑपरेशन' असा रकाना करा, हो किंवा नाही. त्या माणसाचा दुसरा डोळा ठेवा, मिक्स्ड मॉडेलला एका माणसाचा एकच डोळा असला तरी चालतं. आणि हा नियम निरोगी गटालाही तसाच लावा, कारण साठीतल्या नातेवाइकांतही ऑपरेशन झालेले निघतील. निकाल बघायच्या आधी, आजच, प्रोटोकॉलमध्ये तारीख टाकून लिहून ठेवा.